नव्या रंगाखालच्या जुन्या स्प्रिंगा

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि हौसेपोटी कॅटरहॅम सेव्हन बाळगून आहे. १९५७ साली लोटसने बाजारात आणलेल्या या दोन आसनी गाडीचे हक्क १९७३ मध्ये कॅटरहॅमकडे आले आणि आजही ती जवळपास त्याच घाटाची बनते. माझ्या गाडीचे वजन साडेपाचशे किलो आहे. माझे ७८ किलो त्यात मिळवले, तर एकूण वजनाचा आठवा हिस्सा मीच असतो.

ट्रॅकवर जोरात ब्रेक लावला की गाडीचे नाक फार खाली जायचे. म्हणून पुढे २०० पौंड प्रति इंच कडकपणाच्या (म्हणजे एक इंच दबायला २०० पौंड वजन लागणाऱ्या) नव्या स्प्रिंगा बसवून, जमिनीपासूनची उंची ठरवून, चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून भार जुळवून देण्याचे काम मी एका वर्कशॉपला दिले. रोख दिल्यास मजुरीत सूट मिळेल, असे सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले. परत येताना मला चकचकीत रंगाच्या, आकडा छापलेल्या स्प्रिंगा आणि दोन छापील कागद मिळाले. पहिला कागद चालकाविना घेतलेल्या वजनांचा होता, तर दुसरा माझ्या वजनाइतकी वजने आसनावर ठेवून केलेल्या जुळणीचा.

स्नेटरटनच्या ट्रॅकवर दुसऱ्याच फेरीत ब्रेक लावताना इंजिनाच्या तळाचा ऑइल चेंबर जमिनीला घासला. चेंबर फुटला नाही, हे नशीब.

घरी स्प्रिंगा काढल्यावर नव्या रंगाखाली दगडांच्या माराचे खड्डे बोटाला लागले. मग हायड्रॉलिक प्रेसखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवून मी प्रत्येक स्प्रिंग आधी थोडी दाबली, काट्यावरचे वजन लिहून घेतले, ती आणखी २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, दाबली आणि वजनातला फरक काढला. (स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतू शकते, त्यामुळे समोर जाळी लावल्याशिवाय हा उद्योग कोणीही करू नये.) २०० पौंडांच्या स्प्रिंगला हा फरक ९१ किलोंच्या आसपास यायला हवा. एकीचा ६८ आला आणि दुसरीचा ७९. म्हणजे छापल्याइतकी कडक दोघींपैकी एकही नव्हती आणि त्या एकमेकींच्या जोडीच्याही नव्हत्या.

वर्कशॉपचे उत्तर असे की, वापराने स्प्रिंग मऊ पडते. हे धादांत खोटे आहे. जुनी स्प्रिंग बसते आणि तिची उंची कमी होते, परंतु कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो, आणि एका दिवसाच्या वापराने यांतले काहीही बदलत नाही.

त्यानंतर मी कागद नीट वाचले. दोन्हींवर डाव्या-उजव्या बाजूंचे प्रमाण दशांशापर्यंत एकच होते: ५०.४ आणि ४९.६. चालक उजवीकडे बसतो. त्याचे ७८ किलो चढल्यावर उजवी बाजू जड झालीच पाहिजे. स्प्रिंगखालची रिंग पान्याने वर-खाली केल्याने समोरासमोरच्या कोपऱ्यांतील, म्हणजे कर्णांवरचा भार बदलतो. डाव्या-उजव्या किंवा पुढच्या-मागच्या एकूण भारात मात्र त्याने नोंद घेण्याजोगा बदल होत नाही. थोडक्यात, दुसऱ्या कागदासाठी गाडी काट्यावर चढलीच नव्हती.

स्प्रिंगांचे पैसे मोजमापांची छायाचित्रे पाठवल्यावर परत मिळाले. मजुरीचे ३५० पौंड गेले, कारण रोख व्यवहाराची पावती मी मागितली नव्हती. क्रेडिट कार्डाने दिले असते, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली बँकेकडेही दाद मागता आली असती. १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तू व सेवांना हे संरक्षण मिळते, हे मला ठाऊक होते आणि तरीही मी सुटीच्या मोहात पडलो.

पुढची जोडी बसवण्याआधीच प्रेसखाली दाबून पाहिली: ९० आणि ९१. वजनकाटे एका मित्राकडून आणले, आसनात स्वतः बसलो, आकडे पत्नीने वाचले. उजवी बाजू २९ किलोंनी जड निघाली.