शोल्डर प्रेससाठी बेंच किती उभा ठेवायचा: ९०, ७५ की ६० अंश?

बेंचच्या पाठीचा कोन खाचांनी बदलता येतो, पण आधीचा माणूस ज्या खाचेत बेंच सोडून गेला, त्याच खाचेत बसून शोल्डर प्रेस (खांद्यापासून वजन डोक्यावर ढकलण्याचा व्यायाम) मारणारे जिममध्ये पुष्कळ दिसतात. तो इन्क्लाइन चेस्ट (तिरक्या बेंचवर छातीचा व्यायाम) मारून गेला असेल तर खांद्याचं निम्मं काम छातीकडे जातं. पाठ पार काटकोनात ठेवून गेला असेल तर सेटच्या शेवटच्या दोन-तीन रेप्सना (आवर्तनांना) कंबर कमानीसारखी उचलली जाते. वजन किती घ्यायचं यावर आपण जेवढा विचार करतो, त्याच्या चौथा हिस्सा तरी या खाचेवर करायला हवा. माझं मत आधीच सांगतो: डंबेल घेणाऱ्या बहुतेकांना ७५ ते ८० अंश सोयीचे पडतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे सगळे नव्हेत, म्हणून पर्याय नीट पाहू.

पाठ पूर्ण उभी, म्हणजे ९० अंश असेल, तर वजन थेट डोक्यावर न्यायला हात धडाच्या सरळ रेषेत, १८० अंशांपर्यंत वर जावे लागतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांपैकी अनेकांचे खांदे तिथवर जात नाहीत. मग उरलेले अंश कमरेतून काढले जातात: छातीचा पिंजरा वर येतो, कंबर गादीपासून सुटते. शिवाय उंच गादीमुळे डोकं मागे घेता येत नाही, त्यामुळे रॉड (बारबेल) नाकासमोरून वळसा घेऊन वर न्यावा लागतो. याचा फायदा मात्र खराच आहे. छातीची मदत सर्वांत कमी, भार खांद्यावरच. तुम्हाला हे जमेल का, ते भिंतीला टेकून कळतं. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. कुल्ले, पाठ आणि डोकं भिंतीला लावा. आता हात सरळ ठेवून पुढून वर न्या. कंबर जास्त न सुटता अंगठे भिंतीला टेकले तर ९० अंश खुशाल वापरा. टेकले नाहीत तर एक खाच खाली या.

ती एक खाच म्हणजेच ७५ ते ८०. हिशोब साधा आहे: पाठ जितके अंश मागे कलते, तितके अंश खांद्याला कमी उघडावं लागतं. ७५ वर १६५ अंश पुरतात. दोन्ही खांद्यांची पाती गादीवर घट्ट टेकतात, डोक्याला जागा मिळते. कोपरं अगदी बाजूला न फाकवता साधारण ३० अंश पुढे ठेवली की डंबेल कानाच्या किंचित पुढून सरळ वर जातात. बदल्यात खांद्याच्या पुढच्या भागावर जरा जास्त भार येतो आणि बाजूचा भाग थोडा मागे पडतो. तो लॅटरल रेझने (हात बाजूने वर उचलण्याच्या व्यायामाने) भरून निघतो, त्यामुळे हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

इथे बैठकीच्या गादीकडे लक्ष द्या, कारण निम्मी गडबड तिथेच होते. बैठक सपाट ठेवून पाठ कललेली असेल तर प्रत्येक रेपला कुल्ले थोडे पुढे सरकतात आणि सेट संपेपर्यंत ७५ चे ६० झालेले असतात. बैठकीची पुढची कड एक खाच वर घ्या. कुल्ले पार मागे, दोन गाद्यांच्या फटीजवळ टेकवा. तळवे पूर्ण जमिनीवर हवेत. उंची कमी असेल तर पायांखाली एकेक सपाट प्लेट ठेवा. डंबेल मांडीवर उभे ठेवून, एकेक गुडघा उचलत खांद्यापाशी आणा.

६० अंशांवर छातीचा वरचा भाग चांगलाच कामाला लागतो. वजन जास्त उचललं जातं, म्हणून प्रगती झाल्यासारखी वाटते, पण ७५ वरच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. हात पूर्ण वर नेताच येत नाहीत त्यांच्यासाठी हा कोन कामाचा आहे. मात्र वहीत तो ‘हाय इन्क्लाइन प्रेस’ म्हणूनच लिहा.

पाठ न टेकता सपाट बेंचवर बसायचं असेल तर पोट आणि पाठीचे स्नायू घट्ट धरावे लागतात, वजन कमी घ्यावं लागतं. २०१३ साली नॉर्वेच्या संशोधकांनी बसून-उभं राहून, बारबेल-डंबेल अशी तुलना केली, तेव्हा खांद्याचे स्नायू उभ्याने डंबेल मारताना सर्वांत जास्त सक्रिय दिसले, आणि वजन मात्र त्यातच सर्वांत कमी उचललं गेलं. म्हणजे आधार सोडण्यात अर्थ आहे, पण तेच हवं असेल तर सरळ उभं राहूनच मारा. कमरेचं दुखणं असलेल्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय दोन्ही टाळावं.

खाचांवर बहुतेक वेळा अंश लिहिलेले नसतात आणि प्रत्येक कंपनीच्या बेंचची शेवटून दुसरी खाच सारखी नसते. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप उघडा, फोनची लांब कड गादीला समांतर टेकवा, अंश समोर दिसतात. एकदा मोजून खाच लक्षात ठेवली की झालं.

रॉडने मारणाऱ्यांसाठी कोनाइतकीच बेंचची जागाही महत्त्वाची. कायम काटकोनी, मागे उंच हुक असलेल्या बेंचवर रॉड डोक्यामागून उचलावा लागतो. तेव्हा खांदा सर्वांत अवघड स्थितीत असतो आणि तोवर सेट सुरूही झालेला नसतो. असा बेंच वापरायचाच असेल तर रॉड उचलून द्यायला आणि परत ठेवायला कुणीतरी मागे हवंच. त्यापेक्षा रॅकमध्ये (हुक आणि पिना लावायच्या उभ्या खांबांच्या चौकटीत) ॲडजस्टेबल बेंच घ्या आणि खांबांकडे तोंड करून बसा. हुकवरचा रॉड कपाळापुढे चारेक बोटांवर आणि कोपरं किंचित वाकलेली राहतील इतक्या उंचीवर असू द्या. सेफ्टी पिना (निसटलेला रॉड अडवणारे आडवे दांडे) हनुवटीच्या उंचीला लावा. मग रिकाम्या रॉडने दोन-चार रेप्स मारा: रॉड खाली आल्यावर पिनांना घासत असेल तर त्या एक भोक खाली, आणि वर जाताना हुकला अडकत असेल तर बेंच दोन बोटं मागे.