आतड्यातली ग्लिया: डिशमध्ये वाढवावी की ऊतीत पाहावी?

चेतापेशींना आधार देणाऱ्या या पेशींवर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीला ठरवता येत नाहीये: उंदराच्या आतड्यातून ग्लिया वेगळी काढून प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये वाढवायची, की आतड्याचा थर सोलून, रंगवून ती जागच्या जागी पाहायची?

वैविध्य बघायचं असेल तर ऊतीला तोड नाही. स्नायूंच्या दोन थरांमधल्या चेताजाळ्यातली ताऱ्यासारखी ग्लिया, स्नायूतंतूंना समांतर पसरलेली लांबट ग्लिया, आतल्या अस्तराखालची ग्लिया, सगळ्यांचे आकार वेगळे आणि शेजारही वेगळा. डिशमध्ये हा शेजारच तुटतो. पद्धत कुठलीही निवडा, एकाच खुणेवर विसंबू नका. ग्लिया ओळखायला खूण म्हणून वापरली जाणारी जीएफएपी, एस१००बी आणि सॉक्स१० ही प्रथिनं प्रत्येक पेशीत एकत्र सापडतातच असं नाही, हे उंदरांत दिसलेलं आहे.

जुळवून घेण्याची क्षमता मोजायला डिश सोयीची. दाह वाढवणारा रेणू घालायचा आणि त्याचा थेट परिणाम टिपायचा. पण डिश फसवतेही! तिथे ग्लियापासून चेतापेशी तयार होतात. निरोगी प्रौढ आतड्यात तसं क्वचितच घडतं. उलट अस्तरातली ग्लिया सतत नव्याने येते आणि त्यासाठी आतड्यातले जीवाणू लागतात, हे कळलं ते जंतुविरहित उंदरांमुळे.

प्राणी आणि परवानगी दोन्हीकडे लागतेच. डिशला निर्जंतुक कक्ष हवा, ऊतीला या खुणा रंगवणारी चांगली प्रतिपिंडं आणि कॉन्फोकल (ऊतीच्या एकेका पातळीचं स्पष्ट चित्र देणारा) सूक्ष्मदर्शक.

एखाद्या रेणूचा परिणाम तपासायचा असेल तर डिश घ्या. प्रकार, जागा किंवा आजारातले बदल हा प्रश्न असेल तर ऊतीच.