हंगामी वनसंरक्षणाच्या कामासाठी खरेदी : देवळाली कॅम्पातील गणवेश-साहित्याचे एक दुकान

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात लॅम रोडलगत गणवेश, बूट आणि कॅम्पिंगचे साहित्य विकणारी काही जुनी दुकाने आहेत आणि त्यांपैकी एकातून मी व माझ्याबरोबर वनविभागात रोजंदारीवर हंगामी काम करणारे अनेक जण नियमित खरेदी करतो. दुकान मुख्यतः तोफखान्याच्या जवानांवर चालते, त्यामुळे तेथील प्रत्येक वस्तू आमच्या कामाची असतेच असे नाही.

आमचे काम ऋतूप्रमाणे बदलते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ, पावसाळ्यात अंजनेरी आणि पहिने परिसरातील पर्यटकांची गर्दी, आणि हिवाळ्यात निफाडकडच्या नांदूर मध्यमेश्वर पाणथळीवर पाणपक्षी उतरले की काठावरची गस्त. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 50 नुसार झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार वन अधिकाऱ्यांना आणि पोलीस उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहेत. रोजंदारीवरच्या माणसाने पाहायचे, समजावायचे, नोंद करायची आणि वनरक्षकाला कळवायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या हंगामी रेंजरला रीतसर प्रशिक्षणानंतर पिस्तूल आणि अटकेचा अधिकार मिळतो. आपल्याकडे शिट्टी, काठी आणि बॅटरीवर भागवायचे असते, तेव्हा ती शिट्टी तरी वेळेवर वाजावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

शिट्टीच्या बाबतीत दुकानदार काकांचा सल्ला खरा ठरला. आत बुचाची गोळी असलेली चकचकीत पितळी शिट्टी पावसात भिजली की गोळी फुगून अडकते आणि ऐन धबधब्यापाशी, जेथे पाण्याच्या आवाजात माणसाची हाक पोहोचत नाही, तेथे नुसती हवा निघते. बिनगोळीची प्लास्टिकची शिट्टी दिसायला खेळण्यासारखी असली, तरी ओली असतानाही तितकीच कर्कश वाजते आणि तिची किंमतही कमी आहे.

सर्वांत जपून घ्यावी अशी वस्तू म्हणजे कपडा. तयार मिळणारी खाकी पँट टेरिकॉटची, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्रणाची असते. ती चुरगळत नाही, लवकर वाळते आणि म्हणूनच नवी मुले तीच उचलतात. पण जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढताना किंवा वणवा झोडपताना ठिणगी उडाली, की पॉलिस्टरचा धागा वितळून कातडीला चिकटतो. याच दुकानात मागच्या फळीवर सुती खाकी ड्रिलचे तागे आहेत, जे मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. त्यातून कापड फाडून घ्यावे आणि शेजारच्या शिंप्याकडे गुडघ्यावर दुहेरी कापड लावून शिवून घ्यावे. शिलाईसह खर्च तयार पँटपेक्षा जास्त येतो, पण तो वाया जात नाही.

कॅनव्हासचे उंच जंगल बूट मात्र जरूर घ्यावेत. कातळावर फुरसे हा विषारी साप असण्याची शक्यता असलेल्या भागात घोटा झाकलेला असणे महत्त्वाचे आहे आणि भिजलेला कॅनव्हास चामड्यापेक्षा लवकर वाळतो. घेताना तळ आणि कापड यांच्या जोडावर अंगठ्याने दाबून पाहावे, कारण नुसता चिकटवलेला तळ गरम राखेवर सुटतो. निफाडकडच्या काळ्या मातीत मात्र या बुटांच्या खाचा भरून पाय जड होतात. तेथील दलदलीसाठी गमबूटच हवेत.

दुकानाविषयी आदर वाटण्याचे कारण आणखी एक आहे. एका मुलाने खांद्यावरच्या पट्ट्या आणि वनविभागाचे बोधचिन्ह मागितले, तेव्हा काकांनी हातातले काम न थांबवता सांगितले, “भाऊ, ऑफिसचं पत्र आण, मग देतो.” लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह फसवणुकीच्या हेतूने वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 205 खाली गुन्हा आहे, आणि जंगलाच्या वाटेवर पर्यटकांना अडवून पावतीविना पैसे उकळायला एवढी एक पट्टी पुरते. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, ही भूमिका प्रत्येक दुकानदार घेत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. रेनकोट भडक पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचेच असतात, जे गर्दी आवरताना उपयोगी असले तरी पाणथळीच्या काठावर पक्षी उठवतात. बॅटऱ्या जवळपास सगळ्या चार्जिंगच्या असल्याने वीज नसलेल्या चौकीवर दुसऱ्या रात्री त्या मिणमिणू लागतात. सेलवर चालणारी हवी असल्यास नाशिक शहरातच शोधावी. माल बदलून मिळतो, पैसे परत मिळत नाहीत. सात आणि आठ नंबरचे बूट पावसाळ्याच्या तोंडावर संपतात, त्यामुळे खरेदी मे महिन्यातच उरकावी.