तळ्यातला पंप आणि यूव्ही दिवा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पंपाची नुसती घरघर, पाणी येईना. उघडल्यावर इम्पेलरभोवती (पाणी ढकलणारं फिरतं पातं) शेवाळाच्या तंतूंचा दोर आणि त्यात चेंगरलेले टॅडपोल, म्हणजे बेडकांची पिल्लं. म्हणून आधी जाळीबद्दल.

पंप पाणी ओढतो त्या तोंडावरच्या जाळीच्या फटी जवळजवळ ५ मिमीच्या. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू त्यातून अलगद आत ओढलं जातं, कारण पहिले काही दिवस त्याला धड पोहताच येत नाही. खोक्यावर ‘जलचरांसाठी सुरक्षित’ छापायला शाई होती, स्पंजच्या एका तुकड्याला मात्र जागा नव्हती! मोठ्या छिद्रांच्या फिल्टर-स्पंजचा ५ सेमी जाडीचा ठोकळा घ्यावा, मधे भोक पाडून तोंडावर घट्ट बसवावा. ठोकळा जेवढा मोठा, तेवढी त्याच्या पृष्ठभागावरची ओढ कमी. बारीक छिद्रांचा स्पंज लगेच तुंबतो आणि पंप तापतो. धुवायचा तो तळ्याच्याच पाण्याने, बादलीत. नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. बादली ओतण्याआधी तळाशी पिल्लं आहेत का, बघावं.

अंडी दिसली की पंप सरळ बंद. पाणी हिरवं झालं तरी बिघडत नाही, शेवाळ हेच टॅडपोलचं खाणं. मात्र आठवडाभर बंद राहिल्यास स्पंज धुऊनच सुरू करावा, आतलं पाणी सडलेलं असतं.

पाणी नितळ ठेवणाऱ्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याबद्दल पहिल्या आठवड्यातलं मत ‘पैसे पाण्यात’ असं होतं. ते मागे. दुसऱ्या आठवड्यात तळ दिसू लागला. पण यूव्ही मारतो ते दिव्यासमोरून वाहत जाणारं, पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. दगडांना धरलेले तंतू तिथवर पोचतच नाहीत. उलट पाणी नितळ झालं की ऊन तळापर्यंत जातं आणि तंतू फोफावतात. म्हणजे पंप अडकला तो दिवा चांगला चालल्यामुळे.

तंतूंना औषध नको. तांब्याची शेवाळनाशकं टॅडपोलना घातक, आणि एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. खरबरीत काठी फिरवून तंतू गुंडाळावे, अंडी अडकलेली नाहीत ना ते पाहावं, आणि गोळा रात्रभर अर्धा पाण्यात राहील असा काठावर ठेवावा. आतले जीव परत जातात. निम्मा पृष्ठभाग कमळाच्या किंवा तरंगत्या पानांनी झाकला की वाढ मंदावते. पातळी भरायला शक्यतो पावसाचं पाणी, नळाच्या पाण्यातून बरेचदा नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, येतं. शेवाळ खायला म्हणून मासे सोडू नका, बहुतेक मासे अंडी आणि पिल्लंही फस्त करतात.

निळा उजेड दिसतोय म्हणून दिवा चांगला समजू नये. सतत चालू असेल तर वर्षभरात यूव्हीचा जोर उतरतो. दिव्याभोवतीच्या काचनळीवरचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो. त्याआधी प्लग काढायचा, पेटत्या दिव्याकडे बघायचं नाही.

सेवा केंद्राचं उत्तर: इम्पेलर सुटा मिळत नाही, अख्खा पंप घ्या. घेऊ नका. झाकण काढून इम्पेलर ओढून बाहेर काढा, दांडीवरचे तंतू कापा, खोबणीतला गाळ जुन्या टूथब्रशने खरवडा. पाती शाबूत असतील तर तोच पंप पुन्हा चालतो.