खिद्रापूर आणि पळसंबे एकाच सकाळी: पहाटेच्या फोटो सहलीचा हिशेब

कोल्हापुरातून निघणाऱ्या या पहाटेच्या फोटो सहलीच्या जाहिरातीतला फोटो पाहून पैसे भरणार असाल, तर आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या, म्हणजे पुढच्या खांबांच्या मंडपाच्या, छतातल्या गोल झरोक्यातून उन्हाचा झोत सरळ खालच्या गोल दगडावर, रंगशिलेवर उतरलाय, असा तो फोटो आहे. तो पहाटेचा नाही, भर दुपारचा आहे. या पट्ट्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या आसपास. उन्हाची चकती शिलेच्या मधोमध बसते ती त्याच दिवसांत. ऑगस्टला ढग असतात, म्हणजे उरला मे. सकाळी सात वाजता झरोक्याच्या पश्चिमेकडच्या कडेला वरच्या वर थोडं ऊन लागतं, खाली काही उतरत नाही. शिवाय झोत दिसायला हवेत धूर किंवा धूळ लागते, नुसत्या उन्हाचा झोत होत नाही. सहल काढणाऱ्यांना हे माहीत नसेल असं नाही, पण फोटो तोच छापतात.

हे एवढं सोडलं तर सहल टाकाऊ अजिबात नाही. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर शनिवार-रविवारी निघते. पहाटे सव्वाचारला दसरा चौक, साडेचारला कावळा नाका. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, बारा माणसं, एक मार्गदर्शक. माणशी २,८०० रुपयांत गाडी, चहा, नाष्टा आणि मार्गदर्शन, जेवण ज्याचं त्याचं. दुपारी दोनपर्यंत परत. कार्यक्रम असा: सूर्योदयाला खिद्रापूर, मग उलट दिशेला गगनबावडा रस्त्यावर पळसंब्याचं रामलिंग, म्हणजे ओढ्यातली कोरीव देवळं, आणि धबधबे.

गोम इथेच आहे. खिद्रापूर कोल्हापूरच्या पूर्वेला साठेक किलोमीटर, कृष्णेच्या काठावर, सपाट काळ्या रानात. पळसंबे पश्चिमेला पन्नासेक किलोमीटर, सह्याद्रीच्या कुशीत. म्हणजे दोहोंमध्ये एकशे दहा किलोमीटर आणि मधे अख्खं कोल्हापूर शहर. खिद्रापुरातून सव्वाआठला निघालात, तर शहर ओलांडून आणि नाष्टा धरून पळसंबे गाठायला साडेअकरा वाजतात. फोटोच्या सहलीत सकाळचे सव्वातीन तास वाटेतच.

आणि वेळेपेक्षा मोठी अडचण हवेची. देवळाला ऊन हवं, धबधब्याला ढग. मोकळं आकाश असेल त्या दिवशी खिद्रापूर झकास मिळतं आणि पळसंब्यात पाण्यावर पांढरेफटक चट्टे पडतात. झाकोळ असेल त्या दिवशी धबधबा झकास, आणि स्वर्गमंडपाचे खांब सपाट, राखाडी. एकाच दिवशी दोन्ही साधायचं तर सकाळी पूर्वेला ऊन आणि दुपारी पश्चिमेला ढग, असा योग यावा लागतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो बऱ्यापैकी येतो. ओढ्यांना पाणी असतं, आकाश उघडलेलं असतं आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर आलेल्या नसतात. गळीत हंगाम सुरू झाला की जयसिंगपूर-शिरोळ-कुरुंदवाड रस्त्यावर पहाटेच्या अंधारात ट्रॉल्यांच्या रांगेमागे वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तेवढ्यात सूर्योदय निघून जातो.

सप्टेंबर अखेरीचा आणखी एक फायदा जाहिरातीत कुठेच नाही, खरं तर तोच छापायला हवा होता. मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. त्यामुळे कोवळं ऊन स्वर्गमंडपाच्या खांबांतून आडवं आत शिरतं. डिसेंबरात तोच सूर्य पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. सप्टेंबर अखेरीस उगवती ६.२० च्या सुमारास. आडवं, सोनेरी ऊन मिळतं ते त्यानंतरची तीस-चाळीस मिनिटं, मग ते वर चढून पांढरं होतं.

आता या चाळीस मिनिटांत सहल काय करते ते पाहू. मार्गदर्शकाचा अभ्यास चांगला आहे. शिलाहार राजा गंडरादित्य, १२वं शतक, दक्षिण दाराजवळचा यादव राजा सिंघणाचा शिलालेख, गाभाऱ्यातली कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं, देवळात नंदी का नाही आणि तो कृष्णेपलीकडे येडूरला कसा, हे सगळं तो नीट सांगतो. जुनं दगडी देऊळ दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे खोड आहे, ती त्याला नाही. हेमाद्री पंडित १३व्या शतकाच्या उत्तरार्धातला, हे मंदिर त्याच्या आधीचं, हे तो स्वतःहून सांगतो. पण सांगतो कधी, तर बरोबर साडेसहाला, स्वर्गमंडपात सगळ्यांना गोल उभं करून. पंधरा-वीस मिनिटं त्यातच जातात. येताना दीड तास गाडीत हेच सांगता आलं असतं. अर्धी माणसं झोपलेली असतात हे कबूल, पण झोपणाऱ्याला झोपू द्यावं.

दुसरं, बारा माणसं या मंडपाला जास्त होतात. छताचा झरोका सुमारे तेरा फूट व्यासाचा, त्याखाली गोल रंगशिला आणि भोवती बारा खांबांचं कडं. मंडपात एकूण खांब ४८. सगळ्यांना हवा असतो तो एकच फोटो, शिलेच्या केंद्रातून सरळ वर, बाराही खांब कड्यात धरून. केंद्र एकच. माणशी तीन मिनिटं धरली तरी छत्तीस मिनिटं झाली. शेवटच्या चौघांना नुसतं उजाडलेलं आभाळ मिळतं. सहा माणसांची तुकडी असती, तर हीच सहल दुप्पट चांगली झाली असती.

हा फोटो काढायची पद्धत मार्गदर्शक बरोबर शिकवतो, म्हणून इथे देतो. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातातल्या कॅमेऱ्याला अडचण नसते, पण ट्रायपॉड आणि कृत्रिम प्रकाशाला आधी परवानगी घ्यावी लागते, ड्रोनचं तर नावच काढू नका. सहलवाल्यांनी ती परवानगी काढलेली नसते, तरी सामानाच्या यादीत ट्रायपॉड लिहितात. तो धबधब्यासाठी आहे, खिद्रापुरात गाडीतच ठेवा. इथे कॅमेरा शिलेवर चौघडी रुमाल टाकून पाठीवर ठेवायचा, भिंग आभाळाकडे, दोन सेकंदांचा टायमर, आणि आपण बाजूला सरकायचं. स्टँडशिवाय अर्ध्या सेकंदाचं शटरही स्थिर येतं. फुलफ्रेमवर १४ ते १६ मिलिमीटर, क्रॉप सेन्सरवर १०. आभाळ आणि छताखालचा काळा दगड यांच्या उजेडात इतका फरक असतो की एका फोटोत दोन्ही येत नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने पाच फोटो घ्या आणि घरी जोडा. एकच घेणार असाल, तर आभाळ सांभाळा. अंधारातला दगड नंतर उजळता येतो, जळालेलं आभाळ परत येत नाही. मोबाइलवर ०.५ ची रुंद लेन्स वापरा, पण एचडीआर, म्हणजे मोबाइलचं आपोआप उजेड-अंधार जुळवणं, दगड प्लास्टिकसारखा करतो, म्हणून उजेड बोटाने खाली ओढूनच घ्या.

बाहेरच्या शिल्पांकडे सहल पुरेसं लक्ष देत नाही. पायाशी गजपट्ट आहे, ९२ हत्तींचा. कोरीव काम उठून दिसायला ऊन भिंतीला घासून जाणारं हवं. समोरून पडलेल्या उन्हात उठाव मरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी असं घासतं ऊन दक्षिण भिंतीवर मिळतं, जून-जुलैत उत्तरेच्या. मार्गदर्शक मात्र बाराही महिने एकाच बाजूने प्रदक्षिणा घालतो. सात वाजल्यावर गट चहाला वळतो तेव्हा तुम्ही दक्षिणेला जा. ५० किंवा ८५ ची लेन्स, एफ/८, आयएसओ ४००, आणि भिंत रिकामी.

देऊळ नांदतं आहे, चपला बाहेर. पावसाळ्यात फरशी निसरडी असते आणि झरोक्यातून पाऊस थेट आत येतो, तेव्हा भिंगावर टोपण ठेवून तयारी करा आणि ऐनवेळी काढा.

नाष्ट्याबद्दल थोडक्यात. परतताना शहरात मिसळीला थांबतात. मिसळ उत्तम, कट वेगळा, सोबत स्लाइस ब्रेड, तक्रार काही नाही. पण रविवारी नऊ-साडेनऊला कोल्हापुरात मिसळीला थांबणं म्हणजे पाऊण तास गेला. कुरुंदवाडला पोहे-चहा उरकला, तर हा वेळ वाचतो. नृसिंहवाडीची बासुंदी डब्यात बांधून घ्या, कॅमेऱ्याच्या बॅगेपासून लांब ठेवा.

पळसंब्याचं रामलिंग ही या सहलीची खरी मिळकत. कोल्हापुरातल्याही अनेकांनी ते पाहिलेलं नसतं. झाडीच्या सावलीत ओढ्याच्या पात्रात एकाच खडकातून कोरलेली छोटी देवळं आणि पावसाळ्यात त्यांच्या अंगाला लागून वाहणारं पाणी. देऊळ आणि पाणी एकाच चौकटीत येतं, म्हणजे सहलीच्या नावाला जागणारी जागा हीच. इथे पहाटे यायला हवं होतं, ही चुटपुट साडेअकराला उतरणाऱ्या प्रत्येकाला लागते, कारण तोवर रविवारची गर्दी पाण्यात उतरलेली असते.

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात ते धुक्याने, आणि हे धुकं बाहेरचं नसतं. तीन तास एसीत थंड झालेली लेन्स ओढ्याकाठच्या दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं, कधी आतल्या बाजूलाही. पुसून जात नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबावंच लागतं. उपाय सोपा आहे. पोहोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडायच्या. चालकाला हे कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

पाण्यासाठी शटर पाव ते एक सेकंद. त्याहून लांबवलं तर पाण्याचा कापूस होतो, धार दिसत नाही. सावलीत आयएसओ १००, एफ/११ आणि पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) एवढ्यावर भागतं. ऊन असेल तर उजेड कमी करणारा तीन किंवा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागेल. पोलरायझर फिरवून ओल्या खडकावरची चमक काढा, कोरीव देवळांचा काळा रंग तेव्हा खुलतो. ट्रायपॉडचा पाय वाहत्या पाण्यात ठेवू नका, थरथर फोटोत उतरते. खडकावर ठेवा, मधला दांडा खालीच राहू द्या. दर दोन-तीन फोटोंनंतर भिंग तपासा, तुषार स्क्रीनवर दिसत नाहीत, घरी दिसतात. मायक्रोफायबरचे दोन रुमाल हवेत, एक ओला होतोच.

पायात स्लीपर नको, शेवाळावर टिकत नाही. मागे पट्टा असलेली पावसाळी सँडल चालते. गगनबावड्याकडे जळवा असतात. उंच मोजे आणि पुडीत मीठ ठेवा. चिकटलेली जळू उपटायची नाही, मीठ लावलं की सुटते. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज जड झाला, की वर पाऊस झालाय असं समजा आणि सामान उचलून काठ गाठा. इथे मार्गदर्शक सावध असतो, शिट्टी जवळ बाळगतो, हे त्याच्या जमेला. पण प्रथमोपचाराची पेटी गाडीत राहते आणि गाडी वर रस्त्याला असते.

पैसे भरण्याआधी रद्द होण्याचा नियम लेखी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही टोकं पाण्याने अडू शकतात. पश्चिमेला मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि गगनबावडा मार्ग बंद पडतो. पूर्वेला कृष्णा फुगली की खिद्रापूरला वेढा पडतो, २०१९ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. धबधब्यांवर प्रशासनाची बंदीही अधूनमधून येते. सहलवाले ‘पर्यायी ठिकाण दाखवू’ म्हणतात. पर्यायी म्हणजे बहुतेक वेळा जोतिबा किंवा पन्हाळा. जागा चांगल्या आहेत, पण तुम्ही पैसे त्यासाठी भरलेले नसतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली की सहल रद्द आणि पूर्ण पैसे परत, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घेतलं की काम झालं.

बारा जणांच्या ठरलेल्या सहलीपेक्षा पाच-सहा जणांनी मिळून हाच मार्गदर्शक एका दिशेसाठी ठरवणं आम्हाला जास्त पटतं, आणि विचारलं तर ते तयार होतात. आदल्या रात्री आकाश बघायचं. चांदणं स्वच्छ असेल तर खिद्रापूर, झाकोळ असेल तर पळसंबे. मात्र हे ठरवायची मुभा रात्री नऊपर्यंत तुमच्याकडे राहील, असं बोलून ठेवा, कारण दहानंतर चालकाचा फोन लागत नाही.