‘गनस्मोक’चा पहिला भाग: आधी गोळी लागते, मग छडा लागतो

‘गनस्मोक’ या अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव ‘मॅट गेट्स इट’. या शीर्षकातून दोन अर्थ काढता येतात, आणि मराठीत त्या दोन्हींना एकच क्रियापद पुरतं. मॅटला, म्हणजे मालिकेच्या नायकाला, गोळी लागते, आणि ती का लागली याचा त्याला छडा लागतो. १० सप्टेंबर १९५५ रोजी सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर दाखवलेला हा भाग जाहिराती वगळता साधारण २६ मिनिटांचा आहे. याच्यापासून सुरू झालेली मालिका पुढे २० मोसम आणि ६३५ भाग चालली, १९७५ साली थांबली. शेवट न सांगता या भागाबद्दल कामाचं काही लिहिता येत नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा.

कथा थोडक्यात. कॅन्ससमधलं डॉज सिटी, १८७०चं दशक. टेक्सासच्या अमारिलोतून पळून आलेला डॅन ग्रॅट तिथे येऊन बसतो. त्याला पकडायला अमारिलोचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, येतो आणि ग्रॅट त्याला सगळ्यांसमोर गोळी घालून मारतो. मग डॉज सिटीत कायदा सांभाळणारा मार्शल मॅट डिलन रस्त्यात त्याच्यासमोर उभा राहतो. पिस्तूल बाहेर काढण्यात ग्रॅट वेगवान ठरतो आणि मॅट कोसळतो. तो मेला असंच ग्रॅट धरून चालतो आणि गावावर दरारा बसवतो. डॉक्टर मॅटला वाचवतात. बिछान्यात पडल्यापडल्या तो झालेला प्रकार डोक्यात पुन्हापुन्हा घोळवतो आणि एका गोष्टीपाशी थांबतो: गोळी झाडण्याआधी ग्रॅट प्रत्येक वेळी अगदी जवळ येतो. तो वेगवान आहे, पण लांबून त्याचा नेम लागत नाही. दुसऱ्या सामन्यात मॅट त्याला जवळ येऊच देत नाही. ग्रॅटची गोळी आधी सुटते आणि चुकते, मॅटची नंतर सुटते आणि बरोबर बसते.

हा भाग वरचढ का, याचं उत्तर या अंतरात आहे. पडद्यावर ते पटकन उरकतं, म्हणून आकड्यांत मांडून बघा. पिस्तूल कमरेपाशीच ठेवून, नळीवरून नजर न लावता गोळी झाडली की नळी १-२ अंश इकडेतिकडे होणं अगदी सहज आहे. २ अंशांची चूक धरली तर २ मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर सरकते. माणसाच्या छातीची रुंदी पाहता तेवढ्याने काही बिघडत नाही. तीच चूक १५ मीटरवर ५२ सेंटिमीटर होते, म्हणजे गोळी खांद्याच्या बाहेरून निघून जाते. ग्रॅटचा हात तोच, वेगही तोच. बदललं ते फक्त दोघांमधलं अंतर. आणि मॅटला सावकाश नेम धरायला जो क्षणाचा तुकडा हवा असतो, तो २ मीटरवर त्याच्या जिवावर बेततो, १५ मीटरवर मात्र परवडतो.

यात त्या काळच्या पिस्तुलाचाही भाग आहे. कोल्टचं १८७३चं मॉडेल ‘सिंगल अ‍ॅक्शन’ होतं, म्हणजे नुसता चाप दाबून भागत नसे. प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा मागचा खटका, मागे ओढायचा, मग चाप. पिस्तूल वर येत असतानाच अंगठा घोड्यावर गेला की मुठीची पकड थोडी सैल होते आणि नळीचं तोंड हलतं. घाईने पिस्तूल काढणाऱ्यांचे नेम चुकतात ते मुख्यतः इथेच. त्यात बंदुकीच्या काळ्या दारूचा धूर. पहिल्या गोळीनंतर समोर पांढरा ढग उभा राहतो आणि दुसरी गोळी अंदाजाने झाडावी लागते. मालिकेचं नाव त्या धुरावरूनच आलेलं आहे. म्हणून पहिलीच गोळी कामाची, आणि ती वाया जाऊ नये म्हणून ग्रॅट पावलापावलाने पुढे सरकत राहतो. त्याच्या चालण्यात जो उर्मटपणा दिसतो, ती खरं तर त्याच्या नेमबाजीची गरज आहे. दुसऱ्यांदा पाहताना नजर त्याच्या पायांवर ठेवा. कोडं सोडवायला लागतं ते सगळं पडद्यावर मॅटच्या आधी आपल्याला दाखवलेलं असतं. लेखकाने काहीही पाठीमागे दडवलेलं नाही, आणि मला या भागातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

गोळ्या मोजणाऱ्या प्रेक्षकांसाठी एक सूचना. या पिस्तुलात गोळ्यांची सहा घरं असली तरी शहाणा माणूस पाचच गोळ्या भरत असे. एक भरायची, पुढचं घर सोडायचं, मग सलग चार भरायच्या, घोडा पूर्ण ओढून हलकेच खाली आणायचा, की तो रिकाम्या घरावर टेकतो. भरलेल्या घरावर टेकलेला घोडा पिस्तूल पडल्याच्या धक्क्याने गोळी उडवू शकतो. त्यामुळे पडद्यावर कुणी एका दमात सहा बार काढले तर ते अशक्य नसतं, पण तो माणूस निष्काळजी ठरतो.

आता जाणकार प्रेक्षकांचे आक्षेप. पहिला: ग्रॅट एवढा सावध, मग शेवटी तो लांबून गोळी झाडायला तयार कसा होतो? आक्षेप वाजवी आहे. पण मॅट कोसळल्यावर ग्रॅटने सगळं गाव धाकात ठेवलेलं असतं, आणि मेला म्हणून सोडून दिलेला माणूस त्याच रस्त्यावर पुन्हा उभा असतो. तिथून पाऊल मागे घेतलं तर तो धाक त्याच दिवशी संपला. पुढे यावं तर मॅट येऊ देत नाही. अशा पेचात सापडलेला माणूस हातघाईवर येतो, हे मला पटतं. कथेने यासाठी एखादा जास्तीचा क्षण द्यायला हवा होता, एवढं मात्र खरं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: इतक्या जवळून गोळी लागलेला माणूस इतक्या लवकर पायांवर उभा कसा? १८७०च्या दशकात जखम चिघळणं हेच मोठं संकट होतं, कारण जंतुनाशकाची पद्धत तेव्हा सगळीकडे पोचलेली नव्हती. भाग या काळावरून उडी मारून पुढे जातो. अर्ध्या तासाच्या साच्यात दुसरं काय करणार, हे समजतं, तरी इथे कथा पातळ होते. मॅटची मैत्रीण किटी, तिच्या वाट्यालाही फार काही आलेलं नाही. किटी झालेल्या अमांडा ब्लेक यांना मोठं काम पुढच्या मोसमांत मिळालं.

तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो मालिकेच्या मुळालाच लागतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पिस्तूल काढायचा हा प्रकार १८७०च्या दशकातला कमी आणि १९५०च्या दशकातल्या हॉलिवूडचा जास्त. मालिकेच्या टायटलमध्ये मॅटसमोर उभा राहणारा माणूस आर्व्हो ओजाला हा स्वतः नटांना पिस्तूल काढायला शिकवायचा. चामड्याच्या आत धातूचा पत्रा बसवलेल्या त्याच्या होल्स्टरमुळे, म्हणजे कमरेला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानामुळे, पिस्तूल आत असतानाच घोडा ओढता येई आणि गोळ्यांचं चक्र अडकत नसे. जुन्या काळचं साधं होल्स्टर पिस्तुलाला घट्ट धरून ठेवायचं, कारण घोड्यावरून दौडताना पिस्तूल पडू नये ही पहिली गरज. म्हणजे वेगाची कल्पना उसनी आहे. पण जवळून कुणीही मारतो, लांबून मारायला नेम धरावा लागतो ही गोष्ट त्या हत्याराच्या बाबतीत अगदी खरी आहे, आणि भागाचा सगळा भार तिच्यावरच टाकलेला आहे.

अभिनयात ग्रॅट झालेले पॉल रिचर्ड्स पुढे निघून जातात. आवाज न चढवता ते जी भीती तयार करतात तिच्यामुळे अंतराचा धागा जिवंत राहतो. जेम्स आर्नेस ६ फूट ७ इंच उंचीचे. एवढा माणूस पहिल्याच भागात जमिनीवर पडलेला दाखवायचा, यात धाडस होतं. नायकाची ओळख त्याच्या हरण्यातून करून दिली जाते आणि तो ताकद वाढवून नाही, विचार करून परत येतो. मॅटचा साहाय्यक चेस्टर झालेले डेनिस वीव्हर आणि डॉक्टर झालेले मिलबर्न स्टोन यांची कामं इथे छोटी आहेत, पण दोघांची लय पहिल्या दिवसापासून बसलेली दिसते. पटकथा आणि दिग्दर्शन चार्ल्स मार्क्विस वॉरन यांचं, मूळ कथा जॉन मेस्टन यांची. मेस्टन १९५२पासून रेडिओवरच्या ‘गनस्मोक’साठी लिहीत होते, आणि शब्दांचा काटकसरी वापर तिथूनच आलेला आहे. रेडिओवर विल्यम कॉनरॅड यांचा मॅट ऐकलेले अनेकजण आर्नेसना फिके ठरवतात. आवाजापुरतं ते बरोबर आहे. पण अंतरावर उभी असलेली ही गोष्ट डोळ्यांनी पाहण्याचीच आहे, म्हणून या एका कथेत मी टीव्हीच्या बाजूने आहे.

बूट हिलवर, म्हणजे बूट पायात असतानाच मेलेल्यांच्या दफनभूमीत, मॅट मनाशी बोलतो ते सुरुवातीचं दृश्य ओलांडून पुढे जाऊ नका. भांडणाच्या जागी पिस्तूल आलं की काय होतं, ते तिथे सांगितलेलं आहे, आणि ग्रॅट तंतोतंत त्यात बसतो.

कोणती प्रत पाहायची? त्या रात्री भागाच्या आधी वेस्टर्न चित्रपटांचे प्रसिद्ध नट जॉन वेन यांनी पडद्यावर येऊन मालिकेची आणि आर्नेसची शिफारस केली होती. हा तुकडा सगळ्या प्रतींत नसतो. तो असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या, कारण १९५५ सालच्या प्रेक्षकाला काय सांगून समोर बसवलं होतं ते त्यातून कळतं. सुरुवातीला ‘मार्शल डिलन’ असं नाव दिसलं तर भाग वेगळा आहे असं समजू नका. १९६१ साली मालिका तासाभराची झाल्यावर अर्ध्या तासाचे जुने भाग या नावाने पुन्हा दाखवले गेले. चित्र कृष्णधवल आणि जवळजवळ चौकोनी आहे. रंग १९६६ साली आले. टीव्ही आपोआप चित्र रुंद ताणत असेल तर ते बंद करून ४:३ ठेवा. ताणलेल्या चित्रात माणसं बुटकी आणि जाड दिसतात, आणि दोघांमधल्या अंतराचा अंदाज बिघडतो. वर-खाली कापून रुंद केलेली प्रत त्याहून वाईट, कारण तिच्यात पाय कापले जातात, आणि इथे पाय दिसणं गरजेचं आहे. बोलण्याला अमेरिकी हेल आहे, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स लावलेली बरी.

गुण ५ पैकी ४. एक गुण गेला तो झटपट भरलेल्या जखमेपायी. हा आवडला तर लगेच दुसरा भाग, ‘हॉट स्पेल’, लावा. त्यात मॅटला अजिबात न आवडणाऱ्या एका माणसाला फासावर चढवायला निघालेल्या जमावापासून वाचवावं लागतं, आणि तिथे पिस्तुलाचा वेग काहीच कामाचा नसतो.