फार्नबरो आणि लँग्ली

विमान-संशोधनाची दोन जुनी केंद्रं: ब्रिटनचं फार्नबरो आणि अमेरिकेचं लँग्ली. यातलं सरस कोणतं? फार्नबरोत आधी लष्कराचे बलून बनायचे. १९१२ मध्ये तिथे ‘रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरी’ आली आणि संशोधनाबरोबर विमानांचे आराखडेही तिथेच होऊ लागले. तिथल्या माणसांची हिंमत दांडगी. विमान गिरक्या घेत कोसळतं ते का, हे तपासायला पदार्थवैज्ञानिक फ्रेडरिक लिंडमन १९१७ मध्ये स्वतः विमान शिकून वर गेले, मुद्दाम गिरकीत शिरले आणि काट्यांवरचे आकडे डोक्यात साठवून खाली उतरले! पण खेळाडू आणि पंच एकच असला की बोंब होणारच. पहिल्या महायुद्धात फॅक्टरीनेच आखलेली बी.ई.२ विमानं जर्मनांच्या फॉकर लढाऊ विमानांपुढे टिकेनात, तेव्हा पार्लमेंटमध्ये फॅक्टरीचे वाभाडे निघाले. १९१८ पासून नवी विमानं आखणं बंद झालं.

अमेरिकेने १९१५ मध्ये एन.ए.सी.ए. ही विमानविद्येची सल्लागार समिती नेमली ती वर्षाला जेमतेम ५,००० डॉलर देऊन. तिच्या लँग्ली प्रयोगशाळेने विमानं विकायला काढली नाहीत. मोजमापं केली आणि छापली. १९२० चा पहिला वातबोगदा, म्हणजे मॉडेलवर हवेचा झोत सोडून मोजमापं घ्यायचा बोगदा, जुनाट ब्रिटिश धर्तीचाच होता. खरी उडी मॅक्स मुंक या जर्मन तज्ज्ञाची. छोट्या मॉडेलवरचे आकडे खऱ्या विमानाला लागू पडत नाहीत, म्हणून त्यांनी बोगदाच पोलादी टाकीत घातला आणि हवा वीसपट दाबली. मॉडेल विसाव्या हिश्शाचं, हवा वीसपट दाट: हिशेब जुळला.

धाडस बघायचं तर फार्नबरो. पण हवेचा अडथळा कमी करणाऱ्या इंजिनावरच्या झाकणासारखी कोणत्याही कारखान्याला उचलता येणारी गोष्ट लँग्लीनेच दिली, १९२८ मध्ये. माझं मत तिलाच.